धूप टाकला नाही, फक्त दाखला घेतला

आजची गोष्ट एका कागदापासून सुरू होते. कागद म्हणजे इजिप्तमध्ये सापडलेला पपायरस. तारीख, 26 जून 250. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वय 72, ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. अर्जाचा सारांश असा : मी देवांना कायम बळी देत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर दिला, पेय वाहिलं, प्रसाद चाखला, तरी तसं प्रमाणित करून द्यावं. अगदी तहसील कचेरीतला दाखला वाटतो ना?

तर झालं असं की, इ.स. 249 मध्ये डेसियस रोमचा सम्राट झाला. सरहद्दीवर गॉथ टोळ्या, साम्राज्य डळमळीत. देव प्रसन्न व्हावेत म्हणून त्याने हुकूम काढला : प्रत्येकाने बळी द्यायचा आणि दाखला घ्यायचा. फक्त ख्रिस्ती लोकांनी नाही, सगळ्यांनी. पेटेसुखोस या मगर-देवाच्या एका पुजारिणीचाही असा दाखला सापडलाय!

आता मेख बघा. ‘ख्रिस्ताला सोडा’ असं हुकूम म्हणत नव्हता. ‘हेही करा’ इतकंच म्हणत होता. रोमन माणसाला आणखी एक देव म्हणजे काही अडचण नव्हती. पण दहा आज्ञांतली पहिलीच आज्ञा मानणाऱ्याला ते ‘हेही’ जमणारं नव्हतं.

काहींनी ठाम नकार दिला. रोमचे बिशप फेबियन जानेवारी 250 मध्येच गेले. पण कार्थेजचे बिशप सिप्रियन लिहितात की त्यांच्या शहरात कित्येक जण अटक व्हायच्या आधीच आपणहून चौकात धावले. संध्याकाळी गर्दीमुळे अधिकारी लोकांना परत पाठवत होते, तरी लोक थांबायला तयार नव्हते.

आणि तिसरा गट होता. यांनी बळी दिला नाही, धूपही टाकला नाही. पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. मनात विचार काय, तर ‘माझं मन देवाला माहीत आहे, हा तर फक्त कागद.’ खरं सांगू? मला हाच गट सगळ्यात ओळखीचा वाटतो. आपण न वाचता ‘सहमत’ दाबतो ना, तसंच काहीसं.

सिप्रियन यांनी 251 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. त्यांचं निदान ज्युपिटरबद्दल नाही, मालमत्तेबद्दल आहे. जमीनजुमला जाईल या भीतीने लोकांचे पाय बांधले गेले, असं ते म्हणतात. म्हणजे मूर्ती देवळात होती, पण तिच्यापर्यंत नेणारी दोरी घरातल्या तिजोरीला बांधलेली होती. नव्या करारात पौलाच्या नावाचं पत्रही लोभाला मूर्तिपूजाच म्हणतं.

गंमत म्हणजे छळ सुरू झाल्यावर सिप्रियन स्वतः लपले होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. त्यामुळे पुढचा प्रश्न त्यांनाही सोपा नव्हता. 251 मध्ये डेसियस गॉथांशी लढताना मारला गेला. छळ थांबला आणि पडलेले लोक मंडळीच्या दारात रडत परत आले. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घ्यायचंच नाही. कार्थेजच्या धर्मसभेने मधला रस्ता काढला : नुसता दाखला घेतलेल्यांना पश्चात्ताप पाहून, एकेकाची चौकशी करून परत घ्यायचं, बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, निदान मरणाच्या वेळी तरी त्यांना समेट मिळेल. नवा छळ येतोय असं दिसल्यावर त्यांच्यासाठीही नियम सैल केला गेला.

सात वर्षांनी सिप्रियन यांचीच पाळी आली. सम्राट व्हॅलेरियनच्या काळात त्यांना विधी करायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि 14 सप्टेंबर 258 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

त्या काळातले चाळीसहून जास्त दाखले आज उपलब्ध आहेत. नकार देणाऱ्यांचा मात्र कुठलाच दाखला नाही, कारण तो मिळतच नव्हता. आता तुम्हीच विचार करा : देवाशी प्रामाणिक राहायचं म्हटलं, तर ‘फक्त कागद’ म्हणून आपण कशावर सही करतोय? नोकरीसाठी? घरासाठी? आणि सही करून बसलेला मित्र परत आला, तर आपण दार उघडू का?

भेटूया पुढच्या भागात!