स्टॅफिलोकोकस : प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू

निरोगी माणसाच्या नाकात व त्वचेवर असंख्य सूक्ष्म जीव कायम वास्तव्य करून असतात. ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हा त्यांपैकीच एक जिवाणू. साधारणपणे दर दहा माणसांपैकी तिघांच्या नाकात तो आढळतो आणि बहुतेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. मात्र कातडीला जखम झाली, शस्त्रक्रियेसाठी छेद घेतला किंवा शिरेत सलाइनची नळी बसवली, की याच जिवाणूला शरीरात शिरण्यास वाट मिळते. गेल्या ऐंशी वर्षांत त्याने एकामागून एक औषधांना दाद देणे सोडल्याने तो जगभरातील रुग्णालयांपुढील गंभीर प्रश्न बनला आहे.

नाव आणि ओळख

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी 1880 च्या सुमारास गळवांतील पुवाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे एकत्र आलेले गोल जिवाणू दिसले. ग्रीक भाषेतील ‘द्राक्षांचा घोस’ आणि ‘दाणा’ या अर्थाच्या शब्दांवरून त्यांनी स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. 1884 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख रोझेनबाख यांनी सोनेरी पिवळ्या रंगाच्या वसाहती करणाऱ्या प्रकाराला ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी, असे विशेषण जोडले.

गळू, करट, केसतूड, नखुरडे हे या जिवाणूमुळे होणारे नेहमीचे विकार. तो रक्तात पोहोचल्यास हृदयाच्या झडपा, हाडे, सांधे आणि फुफ्फुसे यांना संसर्ग होऊन जिवाला धोका निर्माण होतो. त्याचे काही प्रकार अन्नात विष तयार करतात. हे विष उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही; त्यामुळे दूषित झालेला पदार्थ पुन्हा गरम केला तरी तो सुरक्षित होतोच असे नाही. दुभत्या जनावरांच्या कासदाहामागेही हा जिवाणू असू शकतो.

पेनिसिलिनचे यश आणि पहिला धक्का

प्रतिजैविकांच्या इतिहासाचा आरंभच या जिवाणूपासून झाला. 1928 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी स्टॅफिलोकोकस वाढवलेल्या एका काचपात्रात बुरशी उगवलेली पाहिली. बुरशीभोवतालचे जिवाणू विरघळून गेले होते. त्या बुरशीतील द्रव्य म्हणजे पेनिसिलिन. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे त्याचे औषधात रूपांतर केले. दुसऱ्या महायुद्धात त्याने असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. भारतात 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो पेनिसिलिनच्या उत्पादनासाठीच.

1945 मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जिवाणू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात, असे त्यांनी सांगितले होते. हा इशारा लवकरच खरा ठरला. 1940 च्या दशकातच रुग्णालयांत पेनिसिलिनचे विघटन करणारे विकर तयार करणारे स्टॅफिलोकोकस आढळू लागले आणि 1950 च्या दशकात त्यांच्या साथी अनेक देशांत पसरल्या.

एमआरएसएचा उदय

या विकराला पुरून उरेल असे मेथिसिलिन हे औषध 1959 च्या सुमारास तयार झाले. परंतु 1961 मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जिवाणू सापडले. त्यांनाच ‘मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकोकस ऑरियस’, संक्षेपाने ‘एमआरएसए’ म्हणतात. मेथिसिलिन आता उपचारांत वापरले जात नाही. नाव मात्र कायम राहिले.

पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जिवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम थांबवतात. एमआरएसएजवळ ‘मेकए’ नावाचे जनुक असते. त्यापासून तयार होणाऱ्या वेगळ्या प्रथिनाला ही औषधे नीट चिकटू शकत नाहीत आणि भित्तिकेचे बांधकाम चालूच राहते. त्यामुळे केवळ मेथिसिलिनच नव्हे, तर त्या कुळातील बहुतेक सर्व औषधे निरुपयोगी ठरतात.

जतन करून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे जनुक या जिवाणूत 1940 च्या दशकाच्या मध्यातच, म्हणजे मेथिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच, शिरले होते. पेनिसिलिनच्या सरसकट वापरामुळे अशा जिवाणूंची निवड झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो. एका औषधाचा गैरवापर पुढच्या औषधालाही बोथट करू शकतो, हे यातून दिसते.

एमआरएसएवर दीर्घकाळ व्हॅन्कोमायसिनचा आधार होता. 2002 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात त्यालाही पूर्णपणे दाद न देणारा जिवाणू आढळला. 2000 मध्ये वापरात आलेल्या लिनेझोलिडला विरोध करणारा स्टॅफिलोकोकस पुढच्याच वर्षी नोंदवला गेला. असे प्रकार सुदैवाने अद्याप विरळ आहेत. 1990 च्या दशकापासून मात्र रुग्णालयाशी संबंध न आलेल्या निरोगी मुलांमध्ये आणि खेळाडूंमध्येही एमआरएसए आढळू लागला.

किती मोठा धोका?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार, 2019 मध्ये औषधरोधी जिवाणूंमुळे सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू झाले. त्यांपैकी एक लाखाहून अधिक मृत्यू एकट्या एमआरएसएमुळे झाले. भारतातील 15 मोठ्या रुग्णालयांतील 2008 व 2009 या वर्षांच्या नमुन्यांच्या अभ्यासात तपासलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसपैकी सुमारे 41 टक्के जिवाणू मेथिसिलिनरोधी होते. सांधेरोपण, सिझेरियन, कर्करोगावरील उपचार, डायलिसिस या सर्वांची सुरक्षितता संसर्ग आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांवर अवलंबून आहे. ती निष्प्रभ झाल्यास आज सामान्य वाटणारी शस्त्रक्रियाही जोखमीची ठरेल.

उपाय कोणते?

एमआरएसए रोखता येतो, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. नेदरलँड्समध्ये संशयित रुग्णांची तपासणी करून त्यांना वेगळे ठेवण्याचे कडक धोरण राबवल्याने त्याचे प्रमाण अत्यल्प राहिले. इंग्लंडमध्ये 2001 पासून नोंदणी सक्तीची झाली. पुढे हातांच्या स्वच्छतेची मोहीम व ठरावीक उद्दिष्टे यांमुळे रक्तातील एमआरएसए संसर्गांत 2008 पर्यंत निम्म्याहून अधिक घट झाली. दोन्ही ठिकाणी नवे औषध नव्हे, तर शिस्त उपयोगी पडली.

भारतात 1 मार्च 2014 पासून ‘एच-1’ अनुसूची लागू झाली. त्यानुसार काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांना बंधनकारक आहे. 2017 मध्ये औषधरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला. प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील उभी लाल रेघ हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असे सुचवते.

नागरिकांनाही बरेच काही करता येते. सर्दी, पडसे व फ्लू हे विषाणूंमुळे होणारे आजार असल्याने त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा व मुदत पाळावी. उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नयेत आणि दुसऱ्याला देऊ नयेत. जखम स्वच्छ धुऊन झाकावी, गळू स्वतः दाबून फोडू नये, टॉवेल व दाढीचे पाते इतरांसोबत वापरू नये. रुग्णाला भेटण्यापूर्वी आणि भेटल्यानंतर हात साबणाने धुवावेत. गळवाभोवतीची लाली झपाट्याने पसरू लागली किंवा ताप व थंडी भरून आली, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.