एका नावेत दोन बॅटऱ्या का? विजेवर चालणाऱ्या नौकांचा दोन शतकांचा इतिहास

#थ्रेड

१/ अमेरिकेतील तळ्यांवर गळाने मासेमारी करणाऱ्या लहान नावांमध्ये बहुधा दोन स्वतंत्र बॅटरी-संच आढळतात. एक संच संथ चालणाऱ्या विद्युत मोटरसाठी, म्हणजे ट्रोलिंग मोटरसाठी. दुसरा मुख्य इंजिन, दिवे आणि मासे शोधणाऱ्या सोनारसाठी. ही विभागणी वरवर किरकोळ वाटते. परंतु तिच्यामागे विद्युतशास्त्राचा जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे. त्या अनुभवाचा हा मागोवा.

२/ प्रारंभ १८०० साली होतो. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी जस्त व चांदीच्या चकत्यांची चळत रचून सलग वाहणारी वीज मिळवली. चकत्या वाढवल्या की विजेचा जोर वाढतो, हे त्यातून दिसले. हीच आपल्या शालेय पुस्तकांतील एकसर जोडणी. १८३१ मध्ये जोसेफ हेन्री यांनी विजेचा ‘जोर’ आणि ‘परिमाण’ असा भेद मांडला. आज त्यांना आपण व्होल्टेज आणि विद्युतधारा म्हणतो.

३/ या ज्ञानाची पाण्यावरील पहिली मोठी परीक्षा १८३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाली. झार निकोलस पहिला याच्या आश्रयाने मोरिट्झ याकोबी यांनी नेवा नदीत विजेवर नाव चालवली. तिच्यात जस्त-तांब्याचे ३२० घट होते. पुढील वर्षी त्यांनी विल्यम ग्रोव्ह यांचे जस्त-प्लॅटिनमचे घट वापरले. घटांची संख्या साठ-सत्तरवर उतरली आणि वेग मात्र वाढला. नावेत डझनभर माणसे बसली होती.

४/ मग ही नाव प्रयोगापुरतीच का राहिली? उत्तर अर्थकारणात आहे. या घटांमध्ये जस्त हेच इंधन होते. ते झिजले की घट संपला. दगडी कोळशापुढे जस्त फारच महाग. त्यात प्लॅटिनमची किंमत, आणि ग्रोव्ह घटातील नायट्रिक आम्लातून निघणारे विषारी धूर. यंत्र यशस्वी झाले होते. साठवण अयशस्वी ठरली होती.

५/ ही कोंडी फुटण्याची सुरुवात १८५९ मध्ये झाली. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी पुन्हा पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी घडवली. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली आणि उत्पादन सुलभ केले. आपल्या घरातील इन्व्हर्टरची बॅटरी याच कुळातली.

६/ त्याच १८८१ साली पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह ट्रूव्हे यांनी सीन नदीवर एक चतुर युक्ती दाखवली. मोटर, पंखा आणि सुकाणू यांचा एकच आटोपशीर संच त्यांनी नावेच्या मागील बाजूस अडकवला. काम झाले की तो काढून नेता येई. आउटबोर्ड मोटरचा हा आद्य अवतार. म्हणजे पेट्रोलच्या आधी आउटबोर्ड विजेवर चालला!

७/ सप्टेंबर १८८२ मध्ये लंडनच्या थेम्स नदीवर अँथनी रेकेनझाउन यांची ‘इलेक्ट्रिसिटी’ नौका धावली. तिच्यात ४५ शिसे-आम्ल घट होते. प्रत्येक घटाचे सुमारे २ व्होल्ट धरले, तर एकसर जोडणीत ९० व्होल्ट होतात. दोन मोटरींपैकी एक चालवायची की दोन्ही, हे स्विचने ठरवता येई. १८८६ मध्ये ‘व्होल्टा’ नावाच्या नौकेने इंग्लिश खाडी ओलांडून परतीचा प्रवासही केला.

८/ १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात पन्नासहून अधिक विद्युत नौकांनी प्रेक्षकांना जलविहार घडवला. भविष्य विजेचेच आहे असे वाटावे, असा तो काळ. परंतु बॅटरीचे वजन आणि पुनर्भारणाची गैरसोय कायम होती. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड यांचा पेट्रोल आउटबोर्ड बाजारात आला आणि विद्युत नौका मागे पडत गेल्या.

९/ त्या मागे पडल्या, तरी नष्ट झाल्या नाहीत. जिथे शांतता आवश्यक, तिथे त्या टिकल्या. पाण्याखाली इंजिनाला हवा मिळत नाही, म्हणून पाणबुड्यांनी बॅटरी स्वीकारली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कलवरी’ ही डिझेल-विद्युत पाणबुडीही याच परंपरेतली.

१०/ दुसरे आश्रयस्थान मासेमारीचे. १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड ‘मॉडेल ए’ गाडीच्या स्टार्टर मोटरला लवचीक दांडा व पंखा जोडून ट्रोलिंग मोटर बनवली. त्यातून ‘मिन कोटा’ कंपनी उभी राहिली. मासे बिचकू नयेत एवढ्या संथ आणि मूक गतीत पेट्रोल इंजिन विजेपुढे उणे ठरले.

११/ १९५० च्या दशकाच्या अखेरीस हौशी मच्छीमारांसाठी छोटे सोनार आले, आणि बॅटरीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. मोटर धारेचा मोठा घोट घेते. तेव्हा बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर खचते. सोनारला मात्र थोडी, पण स्थिर वीज हवी असते. दोन्ही एकाच बॅटरीवर असतील, तर पडदा विझतो किंवा त्यावर खोट्या रेषा उमटतात. स्वतंत्र संचाचे हे एक कारण.

१२/ दुसरे कारण बॅटरीच्या अंतरंगात आहे. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. ती क्षणात मोठी धारा देते. ट्रोलिंगसाठी जाड पट्ट्यांची, तासन्‌तास पुरणारी डीप-सायकल बॅटरी लागते. शिवाय १८९७ मध्ये विल्हेल्म पॉयकर्ट यांनी दाखवले की शिसे-आम्ल बॅटरी जितक्या वेगाने उपसावी, तितकी तिची एकूण क्षमता घटते. म्हणून १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५० अँपिअरवर पूर्ण दोन तास टिकत नाही.

१३/ आता व्होल्टाची चळत आठवावी. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात. ६०० वॉटच्या मोटरला १२ व्होल्टवर ५० अँपिअर लागतात, २४ व्होल्टवर २५. धारा निम्मी झाली की त्याच तारेतील उष्णतेचा अपव्यय चौथाईवर येतो. समांतर जोडणीत व्होल्टेज तेच राहते आणि अँपिअर-तासांची बेरीज होते. हेन्रींचा ‘जोर’ आणि ‘परिमाण’ हाच तो भेद.

१४/ २४ व्होल्टच्या जोडीतील एकाच बॅटरीवरून सोनारसाठी १२ व्होल्ट काढणे हा मोहक, पण घातक मार्ग. एक बॅटरी अधिक उपसली जाते, जोडीचा तोल जातो आणि दोन्हींचे आयुष्य घटते. चुकीच्या टोकावरून ऋण तार घेतल्यास शॉर्ट सर्किटही होऊ शकते. म्हणूनच धन टोकाजवळ फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर बसवतात. किनाऱ्यापासून दूर लागलेल्या आगीला पळवाट नसते.

१५/ तंत्रज्ञानाचा इतिहास आपण अनेकदा जेत्यांच्या यादीसारखा वाचतो : वाफ, मग पेट्रोल, मग वीज. विद्युत नौका त्या यादीत बसत नाही. ती पेट्रोलच्या आधी आली, हरली, आणि तरीही आपल्या कोपऱ्यात एकेक अडचण सोडवत राहिली. कोणते तंत्र जिंकले, यासोबतच ते कोणत्या कामासाठी टिकले, हेही इतिहासाने विचारायला हवे. #इतिहास #मराठी