‘जड उचलू नका’ म्हटलंय, पण कडेवरच्या पोराचं काय? गरोदर आईसाठी उपयोगी माहिती

दुसऱ्यांदा दिवस गेलेले, थोरलं जेमतेम दीड-दोन वर्षांचं आणि तपासणीत डॉक्टर सांगतात, ‘जड उचलायचं नाही’. सांगायला सोपं, पण दिवसातून वीस वेळा ‘आई, घे’ म्हणणाऱ्या लेकराला हे कसं समजवायचं, हा घरोघरचा प्रश्न आहे.

नेमकी मनाई किती?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रावरून काढलेल्या मर्यादेनुसार, निरोगी गरोदर स्त्रीने अंगाजवळ धरून कधीतरी उचलायचं वजन २० आठवड्यांपर्यंत सुमारे १६ किलो आणि त्यानंतर सुमारे १२ किलो असावं. दोन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १२ किलो असतं. म्हणजे मूल या मर्यादेवरच येतं, शिवाय ते हातात वळवळतं. भरलेली २० लिटरची बादली तर २० किलोची, आणि भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास. ही कामं घरातल्या दुसऱ्यांनीच करावीत.

वार खाली असणे, अंगावरून रक्त जाणे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणे किंवा मुदतीआधी कळा येण्याची भीती असणे, अशा वेळी वरचे आकडे लागू नाहीत. डॉक्टर सांगतील तेच पाळायचं. ‘किती किलो, किती दिवस, मुलाला अजिबात घ्यायचं नाही का, जिना चढू का’ हे स्पष्ट विचारून लिहून घ्यावं. पूर्ण झोपून राहायचं का, तेही विचारावं. ‘जड उचलू नका’ म्हणजे दिवसभर पडून राहा, असं नव्हे.

त्रास का होतो?

गरोदरपणात रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल होतात. पोट पुढे आल्याने तोल बदलतो, कंबरेवर ताण येतो. मूल एकाच कडेवर घेतलं की तो ताण वाढतो.

उचलण्याऐवजी काय करता येईल?

- आईने आधी खाली बसावं, मुलाने मांडीवर यावं. कुशी मिळाली की उचलून घेण्याचा हट्ट बराच कमी होतो.
- पलंगाजवळ आणि बेसिनपाशी न हलणारं छोटं स्टूल ठेवावं. पोराला स्वतः चढायला आवडतं. फक्त जवळ उभं राहावं.
- लंगोट, कपडे बदलणं आणि भरवणं चटईवर बसून करावं. आंघोळ घालताना आईने पाटावर किंवा स्टुलावर बसावं.
- बाहेर निघताना मुलाला चालवत न्यावं, लांबचं असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर द्यावं.
- रात्री झोपवण्याची आणि दुपारी फिरवण्याची सवय बाबा, आजी-आजोबा, आत्या यांची आतापासूनच लावावी.

डॉक्टरांची परवानगी असेल आणि उचलावंच लागलं, तर गुडघे वाकवून, मुलाला छातीशी धरून, श्वास न रोखता उठावं. कंबरेतून वाकू नये, उचलताना वळू नये.

मुलाला काय सांगायचं?

‘पोटातल्या बाळामुळे तुला घेत नाही’ असं म्हणू नये. येणाऱ्या भावंडाबद्दल मनात अढी बसते. ‘आई बसते, तू ये’ एवढं पुरतं. घरातल्या मोठ्यांनीही ‘आता तुझं कौतुक संपलं’ अशी थट्टा टाळावी.

बाळंतपणानंतरही

सिझेरियन झालं तर साधारण सहा आठवडे नव्या बाळापेक्षा जड काही उचलू नका, असं सांगतात. म्हणून ही घडी आधीच बसलेली बरी.

माहेरी जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कित्येक जणी बाळंतपणासाठी महाराष्ट्रात माहेरी जातात. कर्नाटकातलं तायी कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि उचलण्याच्या मनाईची चिठ्ठी सोबत ठेवावी, म्हणजे तिकडच्या डॉक्टरांना पहिल्यापासून विचारावं लागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते.

लगेच दवाखाना गाठा

रक्त जाणं, पाणी जाणं, ठरावीक अंतराने कळा येणं, पोटात तीव्र दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यापैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिन्हीकडे आहे. अशा वेळी थोरल्याला कोण सांभाळणार, हेही आधीच ठरवून ठेवावं.