उकळलेली सुई आणि टाकाऊ नळी



कोलशेत हे मूळचे खाडीकाठचे गाव. पुढे त्याच्या रस्त्यावर सँडोझ, बायर यांचे कारखाने आले आणि अलीकडे कारखान्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा एखाद्या इमारतीत किंवा जुन्या गावठाणातही मधुमेही मुलाच्या कमरेला डबीएवढा पंप असतो. त्यातून बारीक नळीवाटे चोवीस तास इन्सुलिन त्वचेखाली झिरपत राहते. ही नळी, तिच्या टोकाची सुई आणि आतली कुपी बहुधा दर दोन-तीन दिवसांनी टाकून द्यावी लागते. सात दिवस चालणारे संचही आता निघाले आहेत. खर्च पुष्कळदा घरालाच सोसावा लागतो. मग आई विचारते, 'नळी तर धड दिसते. धुऊन आणखी चार दिवस वापरली तर काय बिघडेल?' हा प्रश्न कंजूषपणाचा नाही, आणि त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तेव्हापासून कित्येक दशके मधुमेह्याच्या घरी काचेची एकच पिचकारी वर्षानुवर्षे चाले. ती उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासायची. फेरवापर हाच तेव्हाचा नियम होता. तो साधला, कारण काच आणि पोलाद उकळणे सोसत, व पिचकारीचे भाग सुटे होऊन उकळते पाणी आतपर्यंत पोचे.

या शिस्तीत कसूर झाली तर काय होते, याचा दाखला आपल्या परळच्या प्रयोगशाळेच्या इतिहासात आहे. तेथे तयार झालेली हाफकिन यांची प्लेगची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. परंतु ती बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. चिमटा दिसायला स्वच्छच असेल. मरण डोळ्यांना दिसले नाही.

१९५४ साली पोलिओ लसीच्या निमित्ताने एकदाच वापरायच्या पिचकाऱ्या अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निघाल्या. मागोमाग प्लॅस्टिक आले. उकळण्याची शिस्त घरातून कारखान्यात गेली. अशी वस्तू पुन्हा वापरली, की कारखान्याची शिस्त संपलेली असते आणि घरची लागू पडत नाही. २००९ साली गुजरातेतील मोडासा येथे वापरलेल्या सुया-पिचकाऱ्यांतून काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, साथ पसरून अनेकांचे प्राण गेले.

कोणी म्हणेल, पंपाची नळी एकाच मुलाची आहे. दुसऱ्याचा रोग येईल कसा? खरे आहे. परंतु त्वचेवरचे जंतू त्याचेच असतात, आणि जुन्या सुईच्या जागी गळू धरते. ही नळी उकळली तर वाकडी होते. स्पिरिटने पुसली तर आतून स्वच्छ होत नाही. कुपीतला वंगणाचा थर झिजून दट्ट्या अडकतो. सर्वांत मोठे भय नळी तुंबण्याचे. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. शरीरात त्याचा साठा राहत नाही. पुरवठा थांबला, की काही तासांतच रक्तात कीटोन वाढून मूल अत्यवस्थ होऊ शकते.

म्हणून त्या आईला माझे सांगणे इतकेच. पैसे कमी पडू लागले, तर नळी ताणण्यापूर्वी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. काही दिवस पंप बाजूला ठेवून पेनाने किंवा पिचकारीने इन्सुलिन घेता येते; मात्र दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याविना पंप काढू नये. साखर अकारण चढतच राहिली, तर कीटोन तपासावेत, वेगळ्या सुईने इन्सुलिन द्यावे, संच बदलावा आणि डॉक्टरांना कळवावे.

काटकसर हा आपल्या घरांचा सद्गुण आहे. पण तिचा भार मुलाच्या त्वचेवर पडू नये. तो थोडाथोडा आपण सर्वांनी उचलावा.