तिकीट काढून ऐकलेली प्रार्थना

गॉस्पेलच्या मैफलीत एक वेळ अशी येते की गाणारी ओळ अर्ध्यावर सोडते, मागचा कॉयर ती उचलतो आणि बघता बघता सभागृह उभं राहून टाळ्यांचा ठेका धरतं. वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेल्यालाही इथं काहीतरी पवित्र चाललंय असं वाटून जातं. हे पावित्र्य चर्चमधून आलं, हे सोपं उत्तर. पण माग काढत गेलं तर चर्चच्याही आधीचा एक मुक्काम लागतो.

१७३९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं. वर्षभरात तिथं कायद्यानं ढोलावर बंदी आली. ढोलाचं काम टाळ्यांनी आणि पावलांनी उचललं. पुढं दक्षिणेतल्या मळ्यांवर रात्री झाडीत चोरून प्रार्थना भरत. आवाज मालकापर्यंत जाऊ नये म्हणून ओल्या गोधड्या टांगत. बहुतेकांना अक्षरओळख नाही, मग पुस्तक कुठलं? एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. माझ्या मते सगळं पावित्र्य त्या ओ देण्यात आहे. वास्तू तर नव्हतीच.

ही गाणी परक्यांसाठी नव्हती. नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ कर्जात बुडालं, तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी गायक घेऊन निधी गोळा करायला निघाले. सुरुवातीला कार्यक्रमात गोऱ्यांच्या पसंतीची गाणी असत. संचातली पियानोवादक एला शेपर्ड हिनं पुढं लिहून ठेवलंय की गुलामीतली गाणी म्हणजे विसरायचा भूतकाळ. शिवाय ती आईवडिलांच्या उपासनेची, म्हणून ती चारचौघांत गात नसत. तीच गाणी लोकांनी डोक्यावर घेतली. १८७३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं ती ऐकली आणि त्या कमाईतून फिस्कमध्ये ज्युबिली हॉल उभा राहिला. या परंपरेतला फ्रेडरिक लाउडिनचा संच तर फिरत फिरत हिंदुस्थानात आला आणि आग्र्याच्या ताजमहालात गायला. म्हणजे तिकीट ही काही आजची बाटवाबाटवी नव्हे.

बाटण्याची खरी ओरड झाली ती शिकागोत. टॉमस डॉर्सी हा ‘जॉर्जिया टॉम’ नावानं चावट ब्लूज वाजवणारा माणूस. १९३२ मध्ये तो गावाबाहेर असताना बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ बाळही. त्या दुःखातून त्यानं जे गाणं रचलं, ते आज जगभर गायलं जातं. पण त्याच्या पियानोतला ब्लूज लपत नव्हता. कीर्तनात लावणीचा ठेका यावा तसं झालं. कित्येक पास्टरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

त्याचीच गाणी गाणाऱ्या महालिया जॅक्सननं रेषा आखून घेतली: नाइटक्लबात गायचं नाही. कार्नेगी हॉल मात्र चालेल. १९५० मध्ये ती तिथं गायली. सिस्टर रोझेटा थार्पनं असली रेषा पाळलीच नाही. इलेक्ट्रिक गिटार गळ्यात, कॉटन क्लबात हजेरी, आणि १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर तिकीट लावून स्वतःचं लग्न! हजारोंनी तिकिटं काढली. लग्न लागलं आणि मग नवरीनंच गाऊन घेतलं.

१९७२ च्या जानेवारीत गंगा उलटी वाहिली. सोलची सम्राज्ञी अरिथा फ्रँकलिन ध्वनिमुद्रणासाठी लॉस एंजेलिसमधल्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये गेली. स्टुडिओच चर्चमध्ये आला म्हणा ना! ‘अमेझिंग ग्रेस’ तिनं जवळपास अकरा मिनिटं आळवलं. एकेका शब्दावर ती थांबते, तो वळवते, आणि बाकांवरून कुणीतरी ओ देतं. साथीला असलेले रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड त्या गाण्यात तोंडावर रुमाल धरून रडू लागले. दुसऱ्या रात्री ती पियानोवर असताना तिचे वडील पुढं आले आणि गाणं चालू असतानाच त्यांनी तिच्या तोंडावरचा घाम टिपला. कॅमेरे चालू होते, दिवे भाजत होते. कुणाचं काही अडलं नाही.

हे चर्च पूर्वी सिनेमागृह होतं. त्या दोन रात्रींचं चित्रण करताना दिग्दर्शक सिडनी पोलॅकनं क्लॅपबोर्ड न वापरल्यानं चित्र आणि आवाज जुळेनात आणि चित्रपट डब्यात पडून राहिला. तो लोकांपुढं यायला २०१८ उजाडलं, आणि तोही तिकीट खिडकीवरूनच.