खानदेशातील भिल्लांचा प्रश्न : धाड, गिरास आणि शांतता

१. प्रश्नाची मांडणी

दक्षिण आशियातील युद्धांची चर्चा बहुधा राज्याराज्यांतील लढायांपासून सुरू होते आणि तहापाशी थांबते. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा, दक्षिणेचा डांग आणि तापीपलीकडचा सातपुडा या पट्ट्याला ही चौकट अपुरी पडते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. तिथे युद्ध संपले अशी नोंद झाली. भिल्ल नाईकांशी संघर्ष मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे चालू राहिला. म्हणून या भागाबद्दल मूळ प्रश्न हा : शांतता आली तेव्हा कोणाचे हक्क टिकले आणि कोणाचे बुडाले?

२. धाडीचे दोन अर्थ

कंपनीच्या दफ्तरात धाड म्हणजे लूटमार. नाईकांच्या दृष्टीने सपाटीच्या गावांवरचा गिरास, म्हणजे गावाने द्यायचा ठरलेला वाटा, हा त्यांचा हक्क होता. तो थकला की धाड पडे. एकाच गावावर सरकारचा सारा, वतनदाराचा वाटा आणि नाईकाचा गिरास एकत्र नांदू शकत. गायकवाडही डांगच्या राजांना गिरास देत. सत्तेत वाटेकरी न मानणाऱ्या नव्या राज्याने या व्यवहाराला गुन्हा ठरवले. बंडांचा इतिहास बहुतांशी ती मोडणाऱ्यांच्याच कागदांतून आपल्यापर्यंत येतो, हा रणजित गुहा यांचा १९८३ मधील इशारा इथे तंतोतंत लागू पडतो.

३. अभ्यासकांचा संवाद

सुमित गुहा यांनी खानदेशच्या भिल्लांना एकाकी वनवासी मानणे नाकारले. रानातली सत्ता आणि शेतीवर उभी साम्राज्ये एकमेकांना घडवत होती. साम्राज्य खिळखिळे झाले की नाईकांचे बळ वाढे, असे त्यांचे प्रतिपादन. अजय स्कारिया यांनी १९९९ च्या ग्रंथात डांगमधल्या तोंडी गोष्टींचा आधार घेतला. तिथले लोक काळाचे दोन भाग करतात : मुक्तपणे वावरण्याची मोगलाई, आणि सरकारने हद्दी आखल्यानंतरची मंदिनी. पहिले विवेचन सत्तेचे अर्थकारण उलगडते, दुसरे त्या सत्तेमागची प्रतिष्ठा. माझ्या मते दोन्ही एकत्र वाचावीत. केवळ अर्थकारण पाहिले तर नाईक उत्पन्नासाठी झगडणारा एवढाच उरतो. केवळ स्मृती पाहिली तर धाडीत होरपळलेला सपाटीचा कुणबी नजरेआड होतो. त्याचे नुकसानही या हिशोबात धरलेच पाहिजे.

४. शांतता कशी घडवली

१८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. नंदुरबार, सुलतानपूर आणि पिंपळनेरचा मुलूख वायव्य एजन्सीत आला. त्याच वर्षी जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. माफी, तगाई, जमीन आणि नाईकांना तनखे ही एक बाजू; शरण न येणाऱ्यांचा लष्करी पाठलाग ही दुसरी. गिरास आता गावाकडून थेट न येता सरकारी खजिन्यातून मिळू लागला. रक्कम मिळाली, पण ती मागण्याचा अधिकार गेला. १८४२ मध्ये सागासाठी डांगची जंगले पट्ट्याने घेतली गेली आणि रानावरचा ताबाही सरकला.

या व्यवस्थेची मर्यादा १८५७ मध्ये उघड झाली. सेंधवा घाटाची राखण केलेला खाज्या नाईकच बंडात उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी इथे मोठी लढाई झाली. घाट राखणाऱ्यालाच शस्त्र उचलावेसे वाटले, यावरून त्या शांततेचा पाया किती कच्चा होता ते कळते.

५. निष्कर्ष

कोणतीही शांतता तीन कसोट्यांवर तपासावी : दुसऱ्या पक्षाचा हक्क हक्क म्हणून मान्य झाला की मेहेरबानी म्हणून, उपजीविकेचे साधन कोणाच्या हाती राहिले, आणि तक्रार मांडण्याचा सनदशीर मार्ग खुला होता का. १८२५ ची व्यवस्था पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर उतरत नाही. १८४२ च्या पट्ट्याने दुसरीही हातची गेली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हक्काची भाषा परत आणली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंत दावा करता येतो आणि त्याची पहिली छाननी ग्रामसभेत सुरू होते. त्यामुळे युद्ध आणि शांततेच्या अभ्यासकाने जुन्या दफ्तराइतक्याच काळजीने या दाव्यांच्या फायली वाचायला हव्यात. दावा विनाकारण रखडतो किंवा कारण न सांगता फेटाळला जातो, तेव्हा १८१८ नंतरचा तोच अन्याय नव्या कागदावर चालू राहतो.