प्रभातफेरी

पंधरा ऑगस्ट म्हणजे ऐन कोळपणीचे दिवस. तरी त्या सकाळी वडील मला शेतात नेत नसत. आमच्या हायस्कुलाची प्रभातफेरी निघायची. पुढं मोठा ढोल, मागं साइड ड्रम, बासऱ्या, मग लेझीमवाले आणि शेवटी गाणारी आम्ही पोरं. पावसाळी हवेत चामडं सैल पडायचं, म्हणून ढोल आधी जाळावर शेकायचा. गल्लीत आवाज शिरला की बाया भाकर तव्यावरच सोडून दारात येत. "पोरं उनात वं!"

वडिलांनी कारण एकदाच सांगितलं. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातलं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथं शाळकरी पोरं तिरंगा घेऊन, घोषणा देत निघाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता गेला, वय पंधरा. आणखी चौघं गेले.

"मी तवय तुन्हाच वयना व्हतू," एवढं बोलून वडील गप्प झाले. फेरी दारावरून जाताना ते अनवाणी उभे राहत.

आता नातवाच्या शाळेची फेरी निघते तेव्हा टेम्पोवर स्पीकर असतो. गाणं त्याच्यातच, पोरं मागं मुकी चालतात. मला काही ते पटत नाही. दोन वर्षांमागं शाळेचा जुना ढोल मी मढवून दिला. तो शेकायचा कसा, हे दाखवायला पहाटे मीच जातो.